लहान खोलीत जेवणाचे टेबल : आधी खोली मोजा, मग टेबल निवडा

घराला रंग झाला, फरशी बसली, की घरात पुढची चर्चा निघते ती जेवणाच्या टेबलाची. मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर, कोणत्याही गावच्या बाजारात जा, फर्निचरच्या दुकानात सहा खुर्च्यांचे, काचेचे टेबल अगदी समोर मांडलेले असते. दुकानाचा हॉल मोठा, त्यामुळे तेथे ते टेबल लहानच दिसते. घरी आणले की दार पुरते उघडत नाही, कपाटापर्यंत जायचे तर खुर्च्या सरकवाव्या लागतात. वर्षभरात त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे आणि मुलांची दप्तरे येतात आणि घरचे लोक पूर्वीसारखे खाली बसून जेवतात. हे चित्र आपल्या ओळखीच्या किती घरांत आहे, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

यात पैसा जातो आणि त्याहून महाग अशी जागाही जाते. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले आणि तेही स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे सारे घर सुमारे २६९ चौरस फुटांचे. अशा घरात एक टेबल चुकले तर खोलीचा चौथा-पाचवा हिस्सा अडून बसतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून थोडा हिशेब करणे बरे.

टेबल कोणासाठी हवे?

पहिला प्रश्न हाच. पाहुण्यांसाठी टेबल घ्यायचे ठरवले की सहा-आठ खुर्च्यांच्या खाली उतरता येत नाही. पण पाहुणे महिन्यातून एकदा येतात, घरचे लोक दिवसातून दोनदा जेवतात. बहुतेक घरांत टेबलाची खरी गरज दादा-दादींना, नाना-नानींना असते. गुडघे धरलेल्या माणसाला खाली बसणे आणि पुन्हा उठणे नकोसे होते. मग ते पलंगावरच ताट घेतात आणि घरात असून जेवणात एकटे पडतात. त्यांच्यासाठी दोन किंवा तीन जणांचे टेबल पुरते. तेव्हा रोज किती जण टेबलावर बसणार ते मोजा आणि त्यात फार तर एक खुर्ची वाढवा.

माणसाला जागा किती लागते?

मिस्त्री लोकांना पाठ असलेली काही मापे ग्राहकानेही लक्षात ठेवावीत.

टेबलाची उंची २९ ते ३० इंच आणि खुर्चीच्या बैठकीची १७ ते १८ इंच असावी. दोन्हींत ११-१२ इंचांचे अंतर राहिले तर मांड्या अडत नाहीत आणि खांदे वर उचलावे लागत नाहीत. वृद्धांसाठी हात टेकायची खुर्ची घ्यायची असेल तर तिचे हात टेबलाखाली जातात की नाही, ते दुकानातच पाहावे.

प्रत्येक माणसाला टेबलाच्या कडेने २४ इंच लागतात. समोरासमोर दोन ताटे मांडायची तर रुंदी किमान ३० इंच हवी. मध्ये भांडी ठेवायची असतील तर ३६ इंच बरी.

सर्वांत महत्त्वाचे माप मात्र टेबलाचे नसून खुर्चीमागच्या जागेचे आहे. खुर्ची ओढून बसायला टेबलाच्या कडेपासून मागे ३० इंच, म्हणजे अडीच फूट लागतात. बसलेल्या माणसाच्या मागून दुसऱ्याने ये-जा करायची असेल तर तीन फूट धरा. दुकानदार टेबलाचे माप सांगतो, हे मागचे माप सांगत नाही. फसगत नेमकी येथेच होते.

एका खोलीचा हिशेब

खोली १० × १२ फुटांची आहे असे समजू. सहा जणांचे ६ × ३ फुटांचे टेबल मध्यभागी ठेवले. लांबीत सहा फूट टेबल आणि दोन्हीकडे तीन-तीन फूट, झाले बारा. रुंदीत तीन फूट टेबल आणि दोन्हीकडे साडेतीन फूट, झाले दहा. हिशेब जुळला, पण खोलीत दुसरी वस्तू ठेवायला जागा नाही. आता लांब भिंतीला अडीच फूट रुंदीचा दिवाण ठेवा. रुंदी उरली साडेसात फूट. त्यातून टेबलाचे तीन गेले आणि दोन्ही बाजूंना सव्वादोन-सव्वादोन फूट राहिले. खुर्ची धड मागे सरकत नाही.

त्याच खोलीत ४ × २॥ फुटांचे टेबल लांब बाजूने समोरच्या भिंतीला टेकवा. रुंदीत अडीच फूट टेबल, अडीच फूट खुर्ची, अडीच फूट दिवाण आणि मध्ये अडीच फुटांची वाट, बरोबर दहा. लांबीत चार फूट टेबल आणि दोन टोकांच्या खुर्च्यांना पाच फूट, एकूण नऊ. उरलेले तीन फूट दारासाठी. समोर दोघे आणि टोकांना एकेक असे चार जण सुखाने जेवतात आणि दिवाणही जागेवर राहतो.

स्वयंपाकघरातच टेबल ठेवायचा विचार असेल तर राष्ट्रीय बांधकाम संहितेतले माप उपयोगी पडते. जेवणही तेथेच होणार असेल तर स्वयंपाकघर किमान साडेसात चौरस मीटर (सुमारे ८१ चौरस फूट) आणि रुंदी किमान २.१ मीटर, म्हणजे सात फुटांना थोडी कमी असावी, असे ती सांगते. या रुंदीतही टेबल मधोमध बसत नाही, ते भिंतीलाच लावावे लागते. खोली याहून लहान असेल तर स्वयंपाकघरात टेबलाचा नाद सोडावा.

लहान जागेला कोणते टेबल?

बाकाचे टेबल : एका बाजूला खुर्च्यांऐवजी बाक करून घ्यावा. जेवण झाले की तो टेबलाखाली पूर्ण सरकतो आणि मुले दोनच्या जागी तीन बसतात. वृद्धांना मात्र पाठ टेकायला खुर्चीच द्यावी.

घडीचे टेबल : मधला भाग एक-सव्वा फुटाचा आणि दोन्ही बाजूंना बिजागरीच्या फळ्या. रोज एक फळी उघडावी, माणसे वाढली की दुसरी. घेताना उघडलेल्या फळीवर दोन्ही हातांनी दाब देऊन पाहावे. आधाराचा पाय हलला तर ते टेबल घेऊ नये.

भिंतीची फळी : ३ × २ फुटांची फळी भिंतीला बिजागरीने लावून खाली घडीचा ब्रॅकेट. जेवण झाले की फळी भिंतीला लागते. ही सर्वांत स्वस्त सोय आहे, पण भिंत विटांची किंवा काँक्रीटची हवी आणि फास्टनर बोल्ट चांगले हवेत. जुन्या मातीच्या भिंतीत ते धरत नाहीत.

गोल टेबल : चार जणांना ४२ इंच व्यासाचे पुरते. कोपरे नसल्याने लहान मुलांना लागत नाही आणि मधोमध एकच पाय असेल तर एखादी खुर्ची जास्त बसते. मात्र गोल टेबल भिंतीला टेकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

बैठे टेबल : आपल्याकडे चौरंग, चौकी जुनीच आहे. जपानी घरांतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घडीच्या पायांचे ठेंगणे टेबल रूढ झाले. जेवण झाले की पाय दुमडून ते भिंतीला उभे करायचे आणि त्याच खोलीत अंथरूण घालायचे. खोली लहान म्हणून त्यांनी टेबल सोडले नाही, त्याची उंची कमी केली आणि पाय दुमडते केले. ज्या घरात कोणाचे गुडघे दुखत नाहीत तेथे हाच उपाय उत्तम.

लाकूड, प्लाय की लोखंड?

सागवान टिकाऊ, वाळवीला दाद न देणारे, पण महाग. विदर्भात परतवाडा, बल्लारशा येथील डेपोंमुळे या लाकडाची जाण मिस्त्री लोकांना चांगली आहे. आंब्याचे लाकूड स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते. बाभूळ बळकट, पण जड. रोज सरकवायच्या टेबलाला ती सोयीची नाही.

लाकूड कोणतेही असो, ते पुरते वाळलेले हवे. आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा फार मोलाचा आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव या पयनघाटात मे महिन्याची धग लाकडाचा ओलावा शोषून घेते आणि जुलैत तेच लाकूड पुन्हा फुगते. फळी लांबीत फारशी हलत नाही, रुंदीत मात्र आकसते आणि फुगते. जाणता मिस्त्री टॉप चौकटीला गच्च ठोकत नाही. स्क्रूचे छिद्र लांबट ठेवून फळीला हलायला वाव देतो. वाव ठेवला नाही की पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध चीर पडते.

प्लायवूड घेताना नुसते ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नये. ‘एमआर’ म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे. पाण्याशी रोज संबंध येणार असेल तर आय.एस. ७१० चा छाप पाहावा. सनमायका चारही कडांना लागला पाहिजे, कारण पाणी उघड्या कडेतूनच आत शिरते. भुशाच्या बोर्डाचे टेबल दिसायला गुळगुळीत असते, पण पाण्याने एकदा फुगले की दुरुस्त होत नाही. काचेचा टॉप घ्यायचाच असेल तर टफन्ड काच घ्यावी आणि माप आधीच पक्के करावे. ही काच तयार झाल्यावर कापता येत नाही.

चौकोनी लोखंडी पाइपची चौकट आणि वर प्लाय, असे टेबल गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात आपल्या मापाने करून मिळते. लहान खोलीला तयार मालापेक्षा हे पुष्कळदा बरे पडते. पायांना रबरी बूच लावायला विसरू नये, नाहीतर फरशी खरवडते.

मांडणी

टेबल स्वयंपाकघराच्या दाराजवळ असावे, पण दाराच्या वाटेत नसावे. फ्रिज आणि कपाट यांची दारे पूर्ण उघडून मगच जागा ठरवावी. गॅसच्या शेगडीच्या अगदी शेजारी टेबल नको, मुले तेथे बसणार आहेत. वृद्धांची खुर्ची अशा बाजूला ठेवावी की हात धुवायला उठताना कोणाला उठवावे लागू नये.

दावत असेल तेव्हा काय?

आपल्याकडे मेहमान बहुधा बाहेरच्या खोलीत जेवतात, टेबल मात्र आतल्या खोलीत असते. म्हणजे ज्यांच्यासाठी ते घेतले त्यांच्या ते उपयोगी पडतच नाही. तीन फूट रुंद, आठ फूट लांब दस्तरखान अंथरला तर दोन्ही बाजूंना चार-चार मिळून आठ जण बसतात आणि मागची जागा धरून ८ × ८ फूट पुरतात. जेवण झाले की दस्तरखान घडी होऊन कपाटात जातो. इफ्तारला माणसे वाढली तर तो वाढवताही येतो. रोज टेबल लहान, दावतीला दस्तरखान, अशी सांगड घातली तर लहान घर कधी अपुरे वाटत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. लग्नाच्या सामानात सहा खुर्च्यांचे टेबल हा इभ्रतीचा विषय होऊन बसला आहे. हुंडा देणे-घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही मुलीचा बाप उसनवारी करून टेबल घेतो आणि ज्या खोलीत ते जायचे तिचे माप त्याने पाहिलेले नसते. मुलाकडच्यांनीच पुढे होऊन ‘आमच्या घरात याला जागा नाही’ असे सांगितले तर एका बापाचे कर्ज टळेल.

पैसे देताना

रोखीचा भाव आणि हप्त्याचा भाव दोन्ही विचारा. ‘शून्य टक्के व्याज’ अशी पाटी असली तरी रोखीची सूट जाते किंवा प्रोसेसिंग फी लागते. हा फरक म्हणजेच व्याज. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. लाकडी फर्निचरवर १८ टक्के जीएसटी आहे, तो भावात धरला आहे की वेगळा, ते आधी ठरवा. ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी आकारता येत नाही.

मिस्त्री आणि दुकानदारांसाठी

ग्राहकाच्या घरी जाऊन माप घ्या. फरशीवर खडूने टेबलाची आणि ओढलेल्या खुर्च्यांची चौकट आखून दाखवा. पाच मिनिटांचे हे काम मोठे टेबल विकण्याची संधी कधी घालवील, पण तोच ग्राहक शेजाऱ्याला घेऊन परत येईल. लाकडाची जात, टॉपची जाडी, एकूण भाव आणि आगाऊ रक्कम चिठ्ठीवर लिहून द्या. लाकडात गाठ किंवा चीर असेल तर ग्राहकाने विचारण्यापूर्वी सांगा. घडीच्या आणि भिंतीच्या टेबलांचा एक-एक नमुना दुकानात उघडून ठेवा. लोकांनी ते पाहिलेलेच नसते म्हणून मागणी नसते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. व्याजाचे कर्ज ज्याला नको असेल त्यालाही त्यातील प्रशिक्षण आणि अवजारांसाठीचे १५ हजार रुपये उपयोगी पडतात.

शेवटी एवढेच. टेप, खडू आणि रोज जेवणाऱ्या माणसांची संख्या, या तीन गोष्टी हाताशी असल्या तर दुकानातल्या झगमगाटाने फसण्याचे कारण नाही. टेबल लहान असले तरी चालेल, पण घरातील वडीलधाऱ्यांना सर्वांसोबत बसून दोन घास खाता आले पाहिजेत.