विश्लेषण : पडणारच आहेत, मग दुधाचे दात जपायचे कशाला?

बाळाच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, कधी खडूसारखी पांढरी रेघ दिसते. दूध चिकटले असेल म्हणून आपण पुसतो, पण ती जात नाही. ही किडीची पहिली पायरी असू शकते. इथवर आलेली कीड फ्लोराइडने थांबू शकते. तपकिरी खड्डा पडला की ती सोय संपते.

रात्रीच्या बाटलीत वाईट काय?

तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरच्या आवरणातील खनिजे विरघळू लागतात. दिवसा लाळ हे आम्ल धुऊन काढते, झोपेत मात्र लाळ अगदीच कमी सुटते. त्यामुळे बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे दात रात्रभर गोड द्रवात भिजतात. खालच्या दातांना जिभेचे संरक्षण मिळते, म्हणून आधी किडतात ते वरचे. चहात बुडवलेल्या बिस्किटाचे गणितही हेच. गोड किती खाल्ले, यापेक्षा किती वेळा खाल्ले, ते पाहा.

पण हे दात तर पडणारच ना?

पुढचे सहा-सात वर्षांनी पडतात. दाढांना मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत काम करायचे असते. दाढ आधीच काढावी लागली तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि कायमच्या दाताची वाट अडते. शिवाय दुधाच्या दातांचे आवरण पातळ, कीड नसेपर्यंत लवकर पोहोचते. अडीच वर्षांचे मूल रूट कॅनलसाठी खुर्चीत शांत बसेल, ही अपेक्षाच फोल; काहींना पूर्ण भूल द्यावी लागते.

पेस्ट कोणती, किती?

पहिला दात दिसताच ब्रश सुरू करावा. १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. कार्टून छापलेल्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच, तेव्हा मागची बारीक अक्षरे वाचा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे आधी दंतवैद्याला विचारा.

घासायचे कोणी?

‘माझं मी’चा हट्ट पुरवा, पण नंतर सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी पुन्हा घासून द्यावे. रात्री घासल्यावर फक्त पाणी. दंतवैद्याकडे पहिली फेरी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी.

आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ येते. दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती कायमची असते.