ग्रुपवर गेलेले फोटो

माळशिरस तालुक्यातली जिल्हा परिषदेची कुठलीही शाळा घ्या. वृक्षारोपण झालं, फोटो. हात धुण्याचा दिवस साजरा झाला, फोटो. अधिकारी भेटीला येऊन गेले, फोटो. गुरुजी रांगेतल्या पोरांना जरा पुढंमागं करतात, फळ्यावरची तारीख दिसते ना ते बघतात, मोबाइल आडवा धरतात आणि संध्याकाळच्या आत तो फोटो केंद्राच्या ग्रुपवर पडतो. तिथून आणखी वर जातो. काम झालं, याचा तो पुरावा. एकदा वर गेला की त्याच्याकडं पुन्हा कुणी बघत नाही. ज्यानं काढला तोही नाही.

शिक्षकाच्या मोबाइलमध्ये असे शेकडो फोटो साठलेले असतात आणि ते त्याच्या स्वतःच्या उपयोगाचे आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. फोटो समोर ठेवायचा, एक प्रश्न टाकायचा आणि माणसाला स्वतःच्या कामाबद्दल बोलू द्यायचं, अशी एक पद्धत जगात गेली साठ-सत्तर वर्षं चालू आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात, समुपदेशनात, खेळाडूंच्या तयारीत, कंपन्यांच्या शिबिरांत ती वापरतात. आपल्याकडं ती आली ती बहुतेक मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या सभागृहांमधून, चकचकीत कार्डांच्या संचाच्या रूपानं. त्यामुळं ती महागडी आणि परकी वाटते. प्रत्यक्षात तिची मुळं कुठल्याच हॉटेलात नाहीत.

चित्र दाखवून माणसाला बोलतं करायचा एक प्रकार आपल्या पोरांना चांगला ठाऊक आहे. सैन्यात अधिकारी व्हायचं म्हणून एनडीएची लेखी परीक्षा पास झालेला मुलगा निवड मंडळापुढं, म्हणजे एसएसबीला जातो. वर्षानुवर्षं चालत आलेल्या रचनेत तिथं पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात. मग १ मिनिटात पात्रांची नोंद करायची आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. पुढं मानसशास्त्रीय चाचण्यांच्या दिवशी अशी ११ चित्रं येतात आणि बारावं कार्ड कोरं असतं. तिथं चित्रही आपणच मनात काढायचं. महाराष्ट्र सरकारनं १९७७ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) काढलेल्या सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटमधून कितीतरी मराठी मुलं या कोऱ्या कार्डापर्यंत पोचली.

ही चाचणी मूळची हार्वर्डची. हेन्री मरे आणि ख्रिस्तियाना मॉर्गन यांनी ती १९३५ मध्ये मांडली. तिचा १९४३ मध्ये छापलेला संच ३१ कार्डांचा आहे, कोरं कार्ड धरून. पहिल्या कार्डावर टेबलावरच्या व्हायोलिनकडं बघत बसलेला एक मुलगा आहे. हे चित्र मॉर्गनबाईंनी येहुदी मेन्युहिन या विख्यात व्हायोलिनवादकाच्या लहानपणीच्या छायाचित्रावरून काढलं. मूळ फोटोतला मुलगा कोण, कुठला, पुढं त्याचं काय झालं, हे सगळं ठरलेलं होतं. चित्रात उतरताना ते गळून पडलं. आता तो मुलगा कंटाळलेला असू शकतो, वाजवायला अधीर असू शकतो, घरच्यांनी जबरदस्तीनं बसवलेला असू शकतो. बघणारा काय म्हणतो यावरून बघणाऱ्याचा अंदाज घ्यायचा, ही त्यामागची कल्पना. असा अंदाज कितपत भरवशाचा, यावर मानसशास्त्रज्ञांमध्ये जुना वाद आहे. मला स्वतःला तो फारसा भरवशाचा वाटत नाही. पण चित्र अर्धवट ठेवलं की माणूस बोलतो, एवढं मात्र त्या व्हायोलिनवाल्या मुलानं सिद्ध केलं.

आपण मात्र त्यावरही उपाय शोधला. तयारीच्या क्लासमध्ये आता चित्रांच्या गोष्टी घोटून घेतल्या जातात. चित्रात नदी असली की नायक बुडणाऱ्याला वाचवतो, गाव असलं की तरुणांना जमवून बंधारा बांधतो. नायक कधी गोंधळत नाही. निवडीच्या दडपणाखाली मुलं असं करतात यात त्यांचा दोष नाही, पण चित्राचा जीव गेला तो गेलाच.

शाळेत हेच जरा सौम्यपणे घडतं. पहिलीच्या पुस्तकात सुरुवातीची पानं चित्रांची असतात: बघा आणि गप्पा मारा. १९६७ मध्ये बालभारती सुरू झाली तेव्हापासून पुस्तकं कितीदा बदलली, पण चित्रावर बोलण्याची कल्पना पुस्तकांत टिकून आहे. कल्पना उत्तम आहे. पुढच्या इयत्तांत तिचं चित्रवर्णन होतं, चित्रवर्णनाला गुण असतात, आणि गुण आले की बाईंना काय हवंय हे पोरांना दुसऱ्याच दिवशी कळतं. ‘चित्रात बाजाराचे दृश्य आहे. बाजारात गर्दी आहे.’ चाळीस वह्यांत चाळीस वेळा तीच गर्दी.

चित्र निवडीसाठी दाखवलं की माणूस सावध होतो, गुणांसाठी दाखवलं की पाठांतर करतो. स्वतःकडं बघण्यासाठी ते दाखवायचं असेल तर दाखवणाऱ्याच्या मनात उत्तर नसलं पाहिजे. सगळी पद्धत या एका अटीवर उभी आहे आणि आपल्या शाळेत हीच अट सगळ्यात अवघड आहे.

फोटोवर बोलण्याचा पहिला नीट अभ्यास शाळेतला नव्हता. जॉन कॉलियर हा अमेरिकी छायाचित्रकार १९५० च्या दशकात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर मानसिक आरोग्याच्या एका मोठ्या पाहणीत काम करत होता. काही मुलाखती नुसत्या प्रश्नांच्या झाल्या, काही फोटो समोर ठेवून. १९५७ मध्ये त्यानं निष्कर्ष छापले: फोटो असला की मुलाखत लांबते, बारकावे येतात, माणूस त्याच त्या प्रश्नांनी थकत नाही. कारण साधं आहे. समोरासमोर बसवून विचारलं की उत्तर देणाऱ्याची नजर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते, काय बोललं की हे खूश होतील ते तो शोधत असतो. मध्ये फोटो आला की दोघांचीही नजर फोटोवर जाते. केंद्रप्रमुख आणि शिक्षक, गुरुजी आणि पोरगा, अशा उतरंडीच्या नात्यांत या नजर वळण्याला फार किंमत आहे.

त्याच सुमारास ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे प्रौढांना अक्षरं शिकवण्याआधी त्यांच्याच जगण्यातली चित्रं भिंतीवर दाखवत होते. विहीर, शेत, विटांचं काम. आधी चित्रावर बोलणं, अक्षर मागाहून. पुढं १९७३ मध्ये पेरूमधल्या साक्षरता मोहिमेत नाटककार ऑगुस्तो बोआल यांनी लोकांच्या हातात कॅमेराच दिला. प्रश्न विचारायचा, उत्तर फोटोत आणायचं. ‘शोषण म्हणजे काय?’ या प्रश्नावर एका मुलानं भिंतीतल्या खिळ्याचा फोटो आणला. मोठ्यांना काही कळेना, बाकीची पोरं मात्र लगेच माना डोलवायला लागली. बुटांना पॉलिश करणारी ही मुलं लांबच्या वस्तीतून लिमा शहरात यायची. जड पेटी रोज वाहून नेण्यापेक्षा ती रात्री शहरातच खिळ्याला टांगून ठेवायची आणि त्या खिळ्याचं भाडं भरायची. समोर बसलेल्या प्रत्येक प्रौढाला तो नुसता खिळा दिसत होता.

१९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात कॅरोलाइन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी ६२ ग्रामीण स्त्रियांना कॅमेरे दिले, त्यांचे फोटो थेट धोरण ठरवणाऱ्यांपुढं गेले आणि ‘फोटोव्हॉइस’ हे नाव रूढ झालं. तो मार्ग लोकांच्या मागण्यांचा आहे. आपला विषय त्यापेक्षा लहान आहे.

प्रत्यक्ष बैठक कशी होते? तीस-चाळीस फोटो जमिनीवर किंवा सतरंजीवर मांडतात. आधी प्रश्न सांगतात, मग सगळे न बोलता फोटोंभोवती फिरतात. प्रत्येकानं एक निवडायचा, दोघांना एकच हवा असला तरी चालतं. गोलात बसल्यावर पहिल्यांदा फक्त काय दिसतं ते सांगायचं: किती माणसं, हातात काय, उजेड कुठून येतो. मग हा का निवडला ते. बाकीच्यांनी ऐकायचं. ‘म्हणजे तुम्हाला असं वाटतं तर’ हे वाक्य बंद. सल्लाही बंद. चालवणाऱ्यानंही एक फोटो उचलून बोलायचं, नुसतं परीक्षक होऊन बसायचं नाही. दिसणं आणि वाटणं यांची ही फाळणी पाळली नाही तर सगळं पाच मिनिटांत प्रवचनावर येतं. आपल्याकडं ते येतंच, म्हणून इतका जोर देऊन सांगतोय.

आता फोटो कुठले? विकतच्या संचांत बर्फातला रस्ता असतो, दीपस्तंभ असतो, आकाशात फुगा असतो. अर्थ आधीच चिकटवून आलेली ही चित्रं. रस्ता फाटला की ‘आयुष्यातलं वळण’ आलंच. माळशिरससाठी संच करायचा तर तालुक्यात फिरणंच बरं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीहून आत शिरते, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पुढं जाते. तुकोबांची पालखी सराटीजवळ नीरा ओलांडून अकलूजला येते. दोन्ही पालख्या एकाच तालुक्यातून जातात, आणि दरवर्षी पुरंदावड्याच्या रिंगणाचा तोच एक फोटो छापून येतो: वरून घेतलेला, गोल, धावता अश्व. सुंदर असतो, पण त्यावर बोलायला काही उरत नाही. त्याच रिंगणाच्या मागच्या रांगेत टाचा उंचावून उभा असलेला, खांद्यावर पोर घेतलेला आणि स्वतःला काहीच न दिसणारा माणूस शोधा. संदेश भंडारे यांनी वारीची छायाचित्रं पुस्तकरूपानं आणली, तशी माणसांच्या जवळ जाणारी नजर इथं हवी. पालखी गेल्यावरचं माळशिरसच्या तळावरचं मैदान, पत्रावळ्या आणि एकटा झाडणारा. अकलूजच्या घोडेबाजारात घोड्याचे दात तपासणारं गिऱ्हाईक. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या मंदिराबाहेरच्या चपला. कारखान्याच्या फाटकावर रात्री नंबराची वाट बघणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग. नीरा उजव्या कालव्याखालचा हिरवा ऊस, आणि पिलीवकडच्या माळावरची मेंढरं. एसटी स्टँडवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली मुलगी. शेवटी एक कोरा कागद.

शिक्षकांना विचारा: यंदाचा तुमचा वर्ग यातल्या कुठल्या फोटोत आहे? एखाद्या बाई टाचा उंचावलेला माणूस उचलतील आणि म्हणतील, मी सगळ्यांना दाखवते, मला स्वतःला काही दिसत नाही. एखादे गुरुजी चपला उचलतील. का, ते त्यांचं त्यांनी सांगावं. शाळेबाहेर, तालमीतही हे चालेल: वस्तादांनी पोरांपुढं पदकाचा फोटो ठेवू नये, कुस्ती लागायच्या आधीच्या क्षणाचा ठेवावा.

पण सगळ्यात कामाचा संच आधीच तयार आहे, तो मोबाइलमध्ये. याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, पुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठी ते ओळखले जातात. म्हणजे मोबाइल हे शिकवण्याचं साधन आहे, हे या जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको. पुरावा म्हणून काढलेले जूनपासून मार्चपर्यंतचे फोटो एका ओळीत लावा. बॅनर कोण धरतं? दर वेळी तीच चार पोरं. कडेला अर्धं कापलं जाणारं पोर कोण? मुली कुठल्या रांगेत? कॅमेऱ्याकडं न बघता दुसरीकडं बघणारा कोण, आणि तो कशाकडं बघतोय? प्रत्येक फोटोत गुरुजी कुठं उभे आहेत? कोणत्याही तपासणीच्या अहवालात न येणारी माहिती त्या ओळीत असते. ती दुसऱ्या कुणी दाखवली तर टीका होते, स्वतः बघितली तर पुढच्या वेळी बॅनर दुसऱ्याच्या हातात जातो. वर्गाच्या मागच्या बाकावरून, पोराच्या डोळ्याच्या उंचीवरून एक फोटो काढून बघा. फळ्याचा किती भाग दिसतो ते तरी कळेल.

काही ठिकाणी हात आखडता घ्यावा लागतो. ऊसतोडीच्या कोप्यांचा फोटो संचात हवाच, कारण हंगामात तालुक्याचं ते मोठं वास्तव आहे. दारात भावाला कडेवर घेऊन उभी असलेली मुलगी, बाजूला वाढ्याचा ढीग. पण वर्गात त्याच कोपीतून आलेलं पोर बसलं असेल तर बाकीच्यांसाठी जे दृश्य आहे ते त्याचं घर आहे. अशा वेळी तो फोटो त्या दिवशी बाहेर काढू नये. घरच्या अल्बमातले फोटो मागवू नयेत. कुणाचा बाप हार घातलेल्या फोटोत असतो, हे आपल्याला आधी ठाऊक नसतं. फोटो निवडला आणि बोलायचं नाही म्हटलं, तर नाही बोलायचं. आणि कुणी रडायला लागलं तर शिक्षकानं मानसोपचारतज्ज्ञ व्हायला जाऊ नये, जवळ बसावं आणि गरज वाटली तर जाणकाराकडं पाठवावं.

दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते. पुढच्या परिषदेत एक तास यासाठी मागून घ्या. आपल्याच वर्गाचे बारा फोटो, तालुक्यातले बारा आणि एक कोरा कागद एवढं पुरे. मुलांचे चेहरे ओळखू येणारे फोटो तास संपल्यावर परत गोळा करा. रंगीत छपाई परवडत नसेल तर शाळेच्या प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्या प्रती काढा. फ्रान्समधल्या ल्यों शहरात १९६० च्या दशकात तरुणांना बोलतं करण्यासाठी ज्यांनी फोटोंचे संच पहिल्यांदा तयार केले, त्यांचेही फोटो कृष्णधवलच होते.