वस्तीच्या आरोग्याचा पैसा कुठे अडतो?

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिराची बोलणी सुरू होतात. विहारात सतरंजी अंथरली जाते, शहरातून ओळखीचा डॉक्टर येतो, बीपी-शुगर तपासली जाते, लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात, फोटो निघतात. खर्च वर्गणीतून होतो. यात वाईट काहीच नाही. पण महिनाभरात त्याच वस्तीतले एखादे लेकरू सांधे सुजून रात्रभर कण्हत पडले, तर त्याच्यासाठी गाडी कोण करणार, तपासणी कुठे होणार, पुढची औषधे कोण देणार, याचे उत्तर शिबिरात नसते. वर्गणी काढून आपण जे करतो त्यातल्या बऱ्याच कामासाठी सरकारने पैसा आधीच ठेवलेला आहे. तो वस्तीपर्यंत का पोचत नाही, हे आज पाहू.

सांधे सुजण्याचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. विदर्भात सिकलसेल हा आजार आदिवासी बांधवांत आहे तसाच तो आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. मध्य भारतातील सिकलसेलबद्दल नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, म्हणजे ही गोष्ट नवी नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक नसांत अडकतात, मग असह्य दुखणे उठते. थंडी, ताप, पाणी कमी पडणे, अति श्रम यांनी ते वाढते. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेचा गारठा आणि दुपारी पाण्याविना काम, दोन्ही एकदम येतात.

आपल्याकडे लोक ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात, तेच शब्द आम्हीही वापरतो. एएस म्हणजे वाहक. त्याला आजार नसतो, तो सगळे काम करू शकतो. एसएस म्हणजे रुग्ण. नवरा-बायको दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल एसएस झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब कोणी धरू नये. दरवेळी फासा नव्याने पडतो. म्हणून लग्न ठरवताना दोन्हीकडची रक्ततपासणी पाहावी, आणि राहून गेले असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तरी करावी. सोल्युबिलिटी ही पहिली तपासणी साधी असते. ती पॉझिटिव्ह आली तर एएस की एसएस हे सांगणारी दुसरी तपासणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करावीच लागते. अनेकांचे काम पहिल्या तपासणीवरच थांबते आणि घरात पाच वर्षे पडलेला कागद नेमके काय सांगतो ते कोणालाच माहीत नसते. शिबिर घेणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना: एसएस रुग्णाचे रक्त कमी दिसले म्हणून डॉक्टरांना न विचारता त्याला लोहाच्या गोळ्या देऊ नका. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया ही औषधे डॉक्टरच सुरू करतात आणि तपासण्या करत पुढे चालवतात.

आता पैशाकडे येऊ.

अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत सिकलसेल आहे. त्यासाठी जे झगडले त्यांत नागपूरचे संपत रामटेके यांचे नाव आदराने घ्यावे लागते. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया त्यांनी उभी केली, आणि २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. कायद्यात नाव आल्यामुळे एसएस रुग्णाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळू शकते. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करून वैद्यकीय मंडळापुढे जावे लागते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लागते. किती टक्के द्यायचे ते मंडळ आजाराच्या तीव्रतेवरून ठरवते, म्हणून किती वेळा भरती झाले, किती वेळा रक्त लागले, याचे सगळे कागद सोबत हवेत. भरतीचे डिस्चार्ज कार्ड फेकून देणारी घरे आम्हाला पुष्कळ दिसतात. ते कार्ड रेशनकार्डासारखे जपा. वाहकाला, म्हणजे एएसला, हे प्रमाणपत्र मिळत नाही.

या प्रमाणपत्राचा गावातल्या पैशाशी थेट संबंध आहे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के दिव्यांगांसाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराचे भाडे मिळून गावाचे उत्पन्न समजा दोन लाख असेल, तर हा हिशेब अनुक्रमे १०, ३० आणि २० हजारांचा होतो. रक्कम लहान आहे, पण दरवर्षी येणारी आहे, आणि ती कोणाच्या मेहेरबानीची नाही. गावोगाव मात्र १५ टक्क्यांतून खुर्च्या, भांडी, बँडचे साहित्य नाहीतर समाजमंदिराचा रंग, एवढेच निघते, आणि ते आपणच मागतो. भांड्यांचा उपयोग आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण एकदा ग्रामसेवकाकडे (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) खर्चाच्या मान्य बाबींची यादी मागून वाचा आणि मग ठरवा.

दुसरी पिशवी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून या समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. अबंधित म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचे: गरीब घरच्या रुग्णाला तातडीने दवाखान्यात नेण्याची गाडी, साचलेल्या पाण्याची सफाई, जनजागृतीची बैठक. समितीत किमान निम्म्या महिला असाव्यात आणि गावातल्या सगळ्या वस्त्यांचे प्रतिनिधी असावेत, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्या वस्तीतले कोण त्या समितीत आहे, हे आज रात्री जेवताना घरात विचारून पाहा. बऱ्याच घरी उत्तर मिळणार नाही. कधी कधी जिचे नाव कागदावर आहे तिलाच ते माहीत नसते. आशाताईंना याबद्दल दोष देऊन उपयोग नाही. खात्यावरची सही त्यांच्या एकटीची नसते आणि बैठक बोलावली तर माणसे येत नाहीत, ही त्यांची तक्रार खरी आहे.

त्याच्या वरची पायरी म्हणजे उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे जन आरोग्य समिती किंवा रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्या हातीही निधी असतो, गावच्या समितीपेक्षा बराच मोठा. दुसऱ्या तपासणीसाठी नमुने पाठवण्याची सोय, रुग्णांना बसायला सावली, प्यायला पाणी अशा गोष्टी तिथे मांडता येतात. यवतमाळसारख्या शहरातल्या वस्त्यांत महिला आरोग्य समित्या असतात. ५० ते १०० घरांमागे एक समिती आणि वर्षाला पाच हजार रुपये, असा त्यांचा नियम आहे.

आता थोडे कडू बोलतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे ध्येय आहे. मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो असायलाच हवा. आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा आणि पुसद येथे आदिवासी विकास प्रकल्पांची कार्यालये आहेत, त्यांच्यामार्फत कोलाम, गोंड, आंध बांधवांपर्यंत काही पोचते. पण आजार जात पाहून थांबत नाही, आणि योजनेचे लेखाशीर्ष मात्र पाहते. आदिवासी उपयोजनेचा पैसा आपल्या वस्तीवर मागणे बरोबर नाही, तो त्यांच्या हक्काचा आहे. आपल्या नावाने वेगळे शीर्ष आहे: जिल्हा वार्षिक योजनेतील अनुसूचित जाती उपयोजना. तिची मागणी समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे आणि जिल्हा नियोजन समितीकडे जाते. त्या शीर्षातून रस्ते, नाल्या, सभागृहे होतात, कारण निवेदने त्यांचीच जातात. नवबौद्ध वस्त्यांतली सिकलसेल तपासणी आणि रुग्णांचा पाठपुरावा यांसाठी तरतूद करा, असे निवेदन सोळाही तालुक्यांतून एकाच महिन्यात गेले तर निदान त्यावर लेखी उत्तर तरी द्यावे लागेल. बार्टीचे समतादूत तालुक्यात असतात, कागद नीट करायला त्यांची मदत मागा.

वणी, मारेगाव, झरी जामणी भागातल्या वाचकांसाठी आणखी एक दार आहे. खाणींच्या स्वामित्वधनासोबत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी जमा होतो. खाणबाधित गावांत पिण्याचे पाणी आणि आरोग्य ही त्याच्या खर्चाची अग्रक्रमाची क्षेत्रे आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयात त्याचा कारभार चालतो. ग्रामसभेचा ठराव सोबत असेल तर मागणीला वजन येते. कंपन्यांच्या सीएसआर पैशाबद्दल मात्र आमचे मत थोडे वेगळे आहे. तो मिळतो, पण संस्थेची नोंदणी, १२-ए, ८०-जी, सीएसआर-१, लेखापरीक्षण, एवढे सगळे लागते. विहार समितीने त्यामागे दोन वर्षे घालवण्यापेक्षा आधीपासून आरोग्याचे काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला वस्तीत बोलवावे. पैसा तिच्या खात्यात येऊ दे, काम आपल्या डोळ्यांसमोर होऊ दे.

मोठ्या आजारासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तिची माहिती १५५३८८ वर मिळते. सिकलसेल रुग्णाला उपचारासाठी एस.टी.त मोफत प्रवासाची सवलत आहे, कागद कोणते लागतात ते आगारात विचारून घ्या.

राहता राहिली मागण्याची रीत. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, साधारणतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा आराखडा ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत तयार होतो. म्हणजे नेमका वेचणीचा हंगाम. बाया शेतात असतात, रोजी बुडवून सभेला कोण येणार? म्हणून पाच-सहा घरांनी मिळून दोन जणींना पाठवावे आणि त्यांची त्या दिवसाची मजुरी बाकीच्यांनी द्यावी. वर्गणी काढायचीच तर ती यासाठी काढा. शेजारच्या अमरावतीत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम २००७ पासून सुरू झाले, तिथे जनसुनवाईत बायांनीच दवाखान्याला प्रश्न विचारले. आपल्याकडे सुरुवात एका अर्जाने करता येईल. मजकूर असा ठेवा:

“मा. सरपंच, ग्रामपंचायत ……… यांस. आमच्या वस्तीत … कुटुंबे आहेत. मागील दोन वर्षांत ५, १० आणि १५ टक्के निधी तसेच ग्राम आरोग्य समितीचा अबंधित निधी किती आला व कशावर खर्च झाला, याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. समितीत आमच्या वस्तीतील दोन महिलांना घ्यावे. येत्या आराखड्यात सिकलसेल तपासणी व रुग्णांच्या प्रवासखर्चाची तरतूद करावी. हा विषय ठराव म्हणून इतिवृत्तात नोंदवावा.”

अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर तारखेसह शिक्क्याची पोच घ्या. हिशेब मिळाला नाही तर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा.