अंकविचार, लेखांक नववा : हातचा न मागणारी संख्या

दादर आणि परळ यांच्या मधोमध वसलेल्या हिंदमात्याच्या कापडबाजारात, जेथे रोजकीर्द आणि खतावणी लिहिता लिहिता कित्येक मुनिमांची हयात सरली, तेथेही जी रक्कम जमेस धरण्याचा प्रसंग कोणावर आला नसेल, अशी एक संख्या आज विचारार्थ घेतली आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या स्थानसंज्ञांनुसार तिचा अग्रस्थानचा एक ‘मध्य’ या सतराव्या स्थानी पडतो. त्यापलीकडे परार्ध तेवढे उरते.

डावीकडून वाचा वा उजवीकडून, संख्या तीच. पण हे झाले बाह्य लक्षण. वस्तुतः ती १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे. हा गुणाकार पाटीवर मांडला, म्हणजे नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ वरच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकलेली, अशा पायऱ्या तयार होतात. टोकाच्या स्तंभात एकच एक, शेजारच्या स्तंभात दोन, असे वाढत वाढत ऐन मध्यावर नऊ एक येतात आणि तेथून पुन्हा उतार लागतो. कोणत्याही स्तंभाची बेरीज नवाच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा घेण्याची पाळीच येत नाही, आणि संख्येचे सारे सौष्ठव एवढ्या एका गोष्टीवर उभे आहे.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूस जन्मलेल्या आणि पुढे देवळालीस शाळामास्तरकीत उमेद घालविलेल्या या गृहस्थांना ही कल्पना सुचली ती तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीस. (परळच्या फलाटावर डोंबिवली लोकलची वाट पाहणाऱ्यांपैकी किती जणांस हे ठाऊक असेल, देव जाणे!) याच घराण्यातील १२३४५६५४३२१ या संख्येचे वर्णन नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त केलेले आहे, तेव्हा मालकीचा दावा जुना, नामकरणाचा हक्क मात्र निर्विवाद कापरेकरांचा.

आता तिचे अंतरंग पाहू. तिचे मूळ अवयव तीनच : ३, ३७ आणि ३३३६६७, पैकी पहिल्याचा चौथा घात आणि उरलेल्या दोहोंचे वर्ग यांचा गुणाकार म्हणजे ही संख्या. अंकांची बेरीज करावी तर ८१ भरते, आणि त्याच ८१ ने तिला निःशेष भाग जातो. उलट ८१ ने गुणले, तर ९९९९९९९९९ चा वर्ग हाती येतो. नवाचा ताळा जुळला की मुनीम वही मिटतो. आपण मात्र ८१ ने भागून आलेला भागाकारही तपासू. तो १२३४५६७९ चा वर्ग आहे, आणि या वर्गमुळात आठाचा पत्ता नाही.

हा आठ गेला कोठे, याचा उलगडा दहा एकांचा वर्ग केल्याने होतो. तेथे मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा एक शेजारच्या नवास मिळून त्याचेही दहा होतात, तेथला हातचा आठाकडे जातो आणि आठाचा नऊ होतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूस तोच आठ गहाळ, आणि कारणही तेच : १२३४५६७९ ला नवाने गुणून नऊ एक मिळवू पाहता, आठाच्या जागी हातचा जिरवलेला नऊच लागतो.