नाताळचं कोलकाता, मुलाच्या घड्याळाने

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत सूर्य मावळतो तो सहा वाजून गेल्यावर. कोलकात्यात तो पाचच्या आतच बुडालेला असतो. घड्याळ साऱ्या देशाचं एकच, पण पूर्वेकडे संध्याकाळ तासभर आधी येते. शाळकरी मुलाला घेऊन नाताळच्या सुट्टीत कुठे जावं असं कुणी विचारलं, की मी कोलकात्याचं नाव घेतो, त्याचं पहिलं कारण हे. रोषणाई दाखवायला मुलाला रात्री नऊपर्यंत ताटकळत ठेवावं लागत नाही. साडेपाचला दिवे, साडेसातला जेवण, नऊच्या आत अंथरूण.

गोवा आहे की, असं म्हणणारे असतातच. गोव्यातला नाताळ सुंदर असतो, पण तो वाड्यावाड्यांतून, घराघरांतून आणि चॅपलांतून साजरा होतो. पाहुण्याच्या वाट्याला बहुधा किनाऱ्यावरची गर्दी आणि हॉटेलांचे चढे दर येतात. कोलकात्यात ख्रिस्ती लोक मोजकेच, तरी ‘बॉडोदिन’, म्हणजे नाताळ, सगळ्या शहराचा. त्या आठवड्यात केक न खाणारं बंगाली घर सापडणं कठीण. राज्याच्या पर्यटन विभागाने २०११ पासून पार्क स्ट्रीटवर नाताळ महोत्सव सुरू केला आणि रस्त्यावरच्या दिव्यांना सरकारी हात लागला. ॲलन पार्कात मंच, गायनवृंद, खाण्याचे ठेले, डोक्यावर दिव्यांच्या कमानी. मुलाला हवं असतं ते सगळं एका रस्त्यावर.

मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. २४ आणि २५ तारखेच्या संध्याकाळी मुलाला पार्क स्ट्रीटला नेऊ नका. त्या रात्री तिथे रस्ता दिसत नाही, डोकी दिसतात. वाहनं बंद असतात, टॅक्सी मिळत नाही, आणि चार फुटांच्या माणसाला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. दिवे आठवडाभर आधीपासून लागलेले असतात. २१ किंवा २२ तारखेला पाच वाजता जा. कमानींखालून आरामात चाला, ॲलन पार्कात गाणी ऐका आणि शहरातली तरुण मंडळी बाहेर पडायला लागली की तुम्ही परत फिरा. तरीही मुलाच्या खिशात आपल्या फोन नंबरची चिठ्ठी असू द्या.

जाण्यासाठी विमान आहेच, अडीच-तीन तासांचं. पण वेळ असेल तर एका बाजूने तरी रेल्वे घ्यावी, आणि घ्यायची तर गीतांजली. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, २६ डिसेंबर १९७७ रोजी ही गाडी सुरू झाली, तीही वर्गविरहित म्हणून. राजापूरच्या या खासदाराच्या काळात मुंबई आणि कोलकाता जोडणाऱ्या गाडीला रवींद्रनाथांच्या पुस्तकाचं नाव मिळालं, ही गोष्ट मुलाला सांगण्यासारखी आहे. तीस तासांच्या आसपासचा प्रवास. इगतपुरीचा घाट, विदर्भ, छत्तीसगडची जंगलं, मग बंगालची तळी. पाच ते बारा वयाच्या मुलाला बर्थ न घेता अर्धं तिकीट लागतं, बर्थ घेतला तर पूर्ण. तीस तासांसाठी अर्ध्या तिकिटाचा मोह धरू नका. मूल झोपलं नाही तर तुम्हीही झोपत नाही.

मुक्काम चौरंगी किंवा पार्क स्ट्रीटच्या परिसरातच करा. सॉल्ट लेक, राजारहाटकडची हॉटेलं मोठी आणि स्वस्त पडतात, पण दुपारी मुलाला खोलीवर आणून तासभर झोपवायचं तर जवळपणासारखी सोय नाही. माझ्या मते अशा सहलीचा कणा हाच: सकाळी एक ठिकाण, दुपारी खोली, संध्याकाळी दुसरं. तिसरं ठिकाण घुसवलं की संध्याकाळी रडारड. बाबागाडी घरीच ठेवा, इथले पदपथ ती चालू देत नाहीत. चारच्या आतलं मूल असेल तर सरळ पुढच्या वर्षी जावं.

सकाळच्या ठिकाणांत पसंती मुलाच्या वयावर. मैदानाच्या कडेला १८१४ साली स्थापन झालेलं भारतीय संग्रहालय आहे, देशातलं सर्वांत जुनं. तिथली इजिप्तची ममी आणि प्राण्यांचे प्रचंड सांगाडे बघितले की बाकीची दालनं मुलाच्या दृष्टीने संपली, ओढत नेऊ नका. सोमवारी ते बंद असतं, व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनंही. व्हिक्टोरियाचा आराखडा विल्यम इमर्सन यांचा. तरुणपणी मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट त्यांनीच रचलं होतं, आणि १९२१ मध्ये इथे मकराण्याच्या संगमरवरात ही वास्तू खुली झाली. मंडईतून राणीच्या स्मारकापर्यंतचा हा प्रवास मोठ्यांना गमतीचा वाटेल. मुलाला आवडेल ती घुमटावरची काळी परी. वारा असला की ती फिरावी अशी तिची रचना आहे. आत्ता तोंड कुठे आहे हे बघून ठेवायला सांगा, बागेला फेरी मारून पुन्हा बघायला सांगा. आत जाण्यापेक्षा ही बागच जास्त वेळ खाते.

अलिपूरचं प्राणिसंग्रहालय १८७६ चं. नाताळात आणि १ जानेवारीला निम्मं बंगाल तिथे डबे घेऊन लोटतं, म्हणून तिथे जायचं तर आधीच्या एखाद्या कामाच्या दिवशी, दार उघडताच. ईस्टर्न बायपासवरची सायन्स सिटी १९९७ मध्ये झाली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचं हे धाकटं, पण अंगाने मोठं भावंड. अख्खा दिवस जातो. तिथे जाणार असाल तर त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

पण खरी मजा प्रवासाच्या साधनांत आहे, आणि ती जवळजवळ फुकट आहे. देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी याच शहरात धावली. आता मार्च २०२४ पासून मेट्रो हुगळीच्या पात्राखालून जाते. एस्प्लनेडहून हावडा मैदानाच्या गाडीत बसा आणि मुलाला खिडकीशी उभं करा. नदीखालच्या भागात बोगद्याच्या भिंतीवर निळे दिवे लावले आहेत. निळं दिसू लागलं की वर पाणी. साधारण पाऊण मिनिटात नदी संपते. तेवढ्यात मुलाचे प्रश्न मात्र संपत नाहीत: पाणी आत का येत नाही, मासे कुठे असतील, नाव बरोबर डोक्यावर असेल का. हावड्याला सरकत्या जिन्यांनी वर यायलाच कितीतरी वेळ लागतो, इतकं ते स्थानक खोल आहे. परत येताना मेट्रो नको, धक्क्यावरून फेरीबोट घ्या. जी नदी खालून ओलांडली तीच आता वरून, आणि डाव्या हाताला १९४३ चा हावडा पूल. हा पूल नटबोल्टांवर उभा नाही, तो सारा रिव्हेटांनी जोडलेला आहे. असा एक तास दिलात की ममीसुद्धा मागे पडते.

ट्रामचं मात्र विचारून जा. १८७३ मध्ये घोड्यांनी ओढलेली ट्राम इथे सुरू झाली. मुंबईची ट्राम १९६४ मध्येच गेली, कोलकात्याने साठ वर्षं जास्त ओढली. २०२४ मध्ये राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेडचा वारसा मार्ग वगळून बाकीचे मार्ग बंद करण्याचा इरादा जाहीर केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्या दिवशी जो मार्ग चालू असेल तो घ्या. घाई असलेल्यांनी तिच्यात बसूच नये.

शियालदाकडे टॅक्सीने जाताना मुलाला आणखी एक सांगा. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने १७४२ मध्ये कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, ‘मराठा डिच’. रघूजी भोसल्यांचे स्वार काही तिथवर पोहोचले नाहीत. पुढे खंदक बुजवला आणि त्याच्या बऱ्याच भागावरून सर्क्युलर रोड गेला. बंगाली आया अजूनही बाळाला झोपवताना ‘बर्गी’, म्हणजे मराठा स्वार, आल्याचं गातात. महाराष्ट्रातल्या मुलाला आपण कुणाच्या तरी अंगाईतले बागुलबुवा आहोत हे कळलं, तर इतिहासाच्या तासापेक्षा बरंच काही झालं.

खाण्यात मुलं इथे कुरकुरत नाहीत. न्यू मार्केटमध्ये १९०२ पासूनची नाहूमची बेकरी आहे, बगदादहून आलेल्या ज्यू कुटुंबाची. नाताळात तिथली प्लम केकची रांग बाहेरपर्यंत येते, त्यामुळे सकाळी उघडताच जा. गोव्याहून आलेल्या कुटुंबाची साल्ढाणा बेकरी १९३० ची आहे, तिथे गर्दी जरा कमी. पण डिसेंबरचा खरा पदार्थ केक नाही, नोलेन गूड आहे. शिंदीच्या झाडाला रात्री मडकं बांधायचं, थंडीत गळलेला रस पहाटे उतरवायचा आणि कढवायचा. ऊन तापलं की रस आंबतो, म्हणून हा गूळ फक्त हिवाळ्यातला. त्याचा फिकट बदामी संदेश आणि जयनगरचा मोआ मिळेल तिथे घ्या. मोआ म्हणजे कनकचूर लाह्या आणि हाच गूळ यांचा मऊ लाडू, हातात धरला की सुटायला लागतो. दोन दिवसांत त्याची चव उतरते, म्हणून घरी न्यायचा हट्ट नको.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. थंडी तेरा-चौदा अंशांची, तीही पहाटेची. बंगाली आया आपापल्या मुलांना माकडटोपीत गुंडाळतात ते बघून घाबरू नका, एक स्वेटर पुरतो. हवेचं मात्र मनावर घ्या. हिवाळ्यात कोलकात्याची हवा वाईट असते. मुलाला दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेत पक्का करू नका आणि पंप हाताशी ठेवा.

निघण्याआधी फेलूदाच्या एक-दोन गोष्टी वाचून दाखवा. सत्यजित राय यांच्या या गुप्तहेरकथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. त्यातली एक साउथ पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत घडते. १७६७ ची ही जागा पिरॅमिडसारख्या थडग्यांनी भरलेली आहे, आणि गोष्ट ऐकलेलं मूल तिथे भीत नाही, पुरावे शोधतं.

मग २४ तारखेच्या संध्याकाळी काय? रामकृष्ण संघाच्या बेलूर मठात जा. २४ डिसेंबर १८८६ च्या रात्री आंटपूर गावी विवेकानंद आणि त्यांच्या गुरुबंधूंनी धुनीभोवती बसून संन्यासाचा निश्चय केला. ती नाताळची पूर्वसंध्या होती हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं. म्हणून रामकृष्ण संघात ती संध्याकाळ आजही पाळतात. आरतीनंतर मेरी आणि बाळ येशूचं चित्र, मेणबत्त्या, केकचा नैवेद्य, बायबलमधलं वाचन. भगव्या वस्त्रातले संन्यासी नाताळ करताहेत, हे दृश्य मुलाच्या लक्षात राहील. गर्दी इथेही असते, पण बसून घेणारी.

२५ ला दुपारी हावड्याहून गाडी पकडा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं: जाण्याचं २० डिसेंबरचं तिकीट २१ ऑक्टोबरला, परतीचं २६ ऑक्टोबरला. दिवाळी उशिरा आली असेल तर हा दिवाळी अंक हातात पडेपर्यंत दोन्ही तारखा उलटलेल्या असतील. तसं असेल तर वाचन इथेच थांबवून आधी जागा बघा, नागपूरमार्गे हावडा मेल आणि पुण्याहून आझाद हिंद याही गाड्या आहेत.