घरची कॉफी घरीच भाजू या



आपल्या जोयडा तालुक्यात भात, पोफळी, नारळ आणि मिरी ही ओळखीची पिके. अलीकडे पोफळीच्या काही बागांतून सावलीला कॉफीची झाडेही दिसतात. कोणाकडे दहा झाडे, तर कोणाकडे पन्नास. एवढासा माल विकायला नेला तर व्यापारी तो सुक्या फळांच्या रूपात स्वस्तात घेतो. मग घरात पाहुणे आले की आपण दुकानातून कॉफीची पुडी आणतो. त्या पुडीत बहुधा चिकोरी मिसळलेली असते. कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे किमान 51 टक्के, कॉफी असली की पुरे. बाकीचे चिकोरी नावाच्या झाडाचे भाजलेले मूळ असते. म्हणजे आपली निर्भेळ कॉफी आपण देतो आणि मिश्रण विकत घेतो.

हे टाळता येईल. कॉफी भाजण्यासाठी कारखाना लागत नाही. लोखंडी कढई, निखारे, सूप आणि अर्धा तास मोकळा वेळ एवढ्यात काम होते.

थोडी माहिती

येमेनमधून कॉफीच्या सात बिया आणून बाबा बुदन यांनी त्या चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. ही गोष्ट सतराव्या शतकातली. आज कर्नाटक हे देशात सर्वांत अधिक कॉफी पिकवणारे राज्य आहे. 1942 च्या कॉफी कायद्याखाली बागाईतदारांना आपला माल कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात द्यावा लागत असे. 1990 नंतरच्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने उठली. आपला माल कसा वापरावा आणि कोणाला विकावा, हे आता शेतकऱ्याच्या हाती आहे.

भाजण्याआधी वाळवणे

कॉफी बिघडते ती बहुधा भाजताना नव्हे, वाळवताना. फक्त लाल, पिकलेली फळे तोडावीत. हिरवी फळे मिसळली तर कॉफी तुरट लागते. तोडलेली फळे पोत्यात ठेवू नयेत, त्याच दिवशी पसरावीत. नुसत्या मातीवर न पसरता सारवलेल्या कोरड्या खळ्यावर चटई अगर ताडपत्री घालून तीन-चार बोटे जाडीचा थर करावा. दिवसातून अनेकदा हात फिरवावा. आपल्याकडे पौष-माघात दव फार पडते, म्हणून संध्याकाळी गोळा करून झाकावे.

चांगल्या उन्हात बारा ते पंधरा दिवस लागतात. मूठभर फळे कानाशी हलवली आणि आत बी खुळखुळली, की ती वाळली असे समजावे. ओलसर फळांवर बुरशी येते. काही बुरशींचे विष मूत्रपिंडाला अपाय करते आणि भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. म्हणून बुरशीचा वास येणारी बी गुरांनाही घालू नये, टाकून द्यावी.

वाळलेली फळे उखळात हलक्या हाताने कांडावीत आणि सुपाने पाखडावीत. काळी, फुटकी आणि किडकी बी वेचून काढावी. पाच-सहा किलो पिकल्या फळांपासून सुमारे एक किलो स्वच्छ बी मिळते.

कोणते भांडे घ्यावे

जाड बुडाची लोखंडी कढई सर्वांत सोपी. पसरट तोंडाचे खापरही चालते, मात्र ते तापायला वेळ लागतो.

घरच्या घरी फिरता डबाही करता येतो. झाकणाचा स्टीलचा डबा घ्यावा. बुडाला आणि झाकणाला मधोमध भोक पाडून लोखंडी सळई आरपार घालावी आणि तिचे एक टोक मुठीसारखे वाकवावे. डबा सळईबरोबर फिरेल असा तारेने घट्ट बांधावा. वाफ निघण्यासाठी खिळ्याने बारीक भोके पाडावीत. दोन्ही बाजूंस विटा ठेवून डबा निखाऱ्यांवर फिरवत राहावे. आत स्टीलची एक पट्टी आडवी बसवली तर बी घसरत न राहता उलटी-पालटी होते.

कोणती भांडी घेऊ नयेत हेही सांगतो. कॉफी दोनशे अंशांहून अधिक तापते. डाग दिलेले जुने तेलाचे डबे घेऊ नयेत. डागात शिसे असू शकते आणि तो डाग एवढ्या उष्णतेला टिकत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पत्रा, रंगवलेला डबा, तसेच न चिकटणारा काळा तवाही नको. मुरमुऱ्यांसारखी वाळूत भाजू नये. वाळूचे कण बीच्या चिरेत अडकतात आणि पुढे जात्यात येतात.

भाजण्याची रीत

एका वेळी पावशेर, म्हणजे सुमारे 250 ग्रॅम, बी घ्यावी. जास्त घेतली तर खालची करपते आणि वरची कच्ची राहते. कढई आधी तापवावी. आच मध्यम ठेवावी आणि कालथा एक क्षणही थांबवू नये. पुढे घड्याळापेक्षा नाक, डोळे आणि कान यांवर भरवसा ठेवावा.

पहिली चार-पाच मिनिटे बीतले पाणी निघते. गवतासारखा वास येतो आणि बी पिवळी पडते. मग भाजत्या भाकरीसारखा वास सुटतो, रंग तपकिरी होतो आणि पातळ पापुद्रे सुटू लागतात. दहा-पंधरा मिनिटांच्या सुमारास लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज येतो. आतली वाफ आणि वायू बीला फुगवून फोडतात, त्याचा हा आवाज. येथून पुढे ती कॉफी झाली. याआधी उतरवली तर पेय कच्चे आणि आंबूस लागते.

हा तडतडाट ओसरला की दोन-तीन मिनिटांत उतरवावी. दुधाची कडक कॉफी आवडत असेल तर थोडे आणखी थांबावे. थोड्या वेळाने दुसरा, बारीक चुरचुर आवाज येतो आणि बीवर तेल चमकू लागते. तेथे मात्र थांबलेच पाहिजे. त्यापुढे कोळसा होतो आणि पेटण्याचीही भीती असते.

उतरवल्यावर बी कढईत ठेवू नये, आतल्या उष्णतेने ती भाजतच राहते. ताबडतोब रोवळीत किंवा सुपात घेऊन वाऱ्यावर पाखडावी. पापुद्रे उडून जातात आणि चार-पाच मिनिटांत बी निवते. किलोभर बीची भाजून 800 ते 850 ग्रॅम होते. ही घट नेहमीचीच आहे, पण बी फुगल्याने माप मात्र वाढलेले दिसते.

एक दिवस सैल झाकणाने ठेवावी, कारण ताज्या बीतून वायू निघत असतो. मग घट्ट डब्यात भरावी आणि लागेल तेवढीच दळावी. अख्खी बी दोन-तीन आठवडे चांगली राहते, पूड आठवडाभरातच उतरते.

आरोग्याची काळजी

भाजणे अंगणात किंवा उघड्या पडवीत करावे. धूर पुष्कळ होतो. दम्याच्या माणसाने आणि लहान मुलांनी लांब राहावे. गवती छपराखाली हे काम करू नये. बंद खोलीत निखारे ठेवणे तर जिवावर बेतते. बी पेटलीच तर झाकण घालून कढई खाली उतरवावी.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. घरची निर्भेळ कॉफी बाजारच्या पुडीपेक्षा बरीच कडक असते. चिकोरीत कॅफिन नसते. रोबस्टा जातीच्या कॉफीत ते सुमारे दोन टक्के, म्हणजे अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. रोबस्टाची 10 ग्रॅम पूड घातली तर कपात 200 मिलिग्रॅमच्या जवळपास कॅफिन उतरू शकते. गरोदर बाईसाठी दिवसभराची मर्यादाच तेवढी मानतात. म्हणून जुन्या सवयीने दोन चमचे न घालता अर्ध्या मापाने सुरुवात करावी. गरोदर बायांनी दिवसाला एक लहान, पातळ कप पुरे समजावा. लहान मुलांना कॉफी देऊ नये. छातीत धडधडणाऱ्यांनी आणि झोप न येणाऱ्यांनी दुपारनंतर घेऊ नये.

आपल्या बायाबापड्यांत रक्त कमी असण्याचे प्रमाण बरेच आहे. जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर घेतलेली कॉफी अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. म्हणून जेवण आणि कॉफी यांत एक-दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळ्या तर कॉफीबरोबर कधीच घेऊ नयेत.

कॉफी उकळून गाळाशिवाय पिण्यापेक्षा दाट कपड्यातून गाळून घ्यावी. कोलेस्टेरॉल वाढवणारा तेलकट अंश त्यात बराचसा अडतो.

शेवटी

पहिला घाणा कदाचित मनासारखा उतरणार नाही. म्हणून प्रथम मूठभर बीच भाजून पाहावी, किती वेळाने तडतडली आणि केव्हा उतरवली हे वहीत लिहून ठेवावे. दोन-तीन खेपांत हात बसतो. दहा झाडांची कॉफी विकून हाती फारसे पैसे येत नाहीत, पण तीच घरी भाजली तर घरची वर्षभराची गरज भागू शकते. ज्यांना गोडी लागेल त्यांनी शेजाऱ्यांनाही शिकवावे. दोन-तीन घरांनी मिळून एक फिरता डबा केला, तर खर्च आणि कष्ट दोन्ही वाटले जातील.