मशीनवर शून्य, तरी गाडी थरथरते : व्हील बॅलन्सिंगचं दुकान टाकण्याआधी हे शिकून घ्या



"सर, टायरचं दुकान टाकतोय, बॅलन्सिंगचं मशीन कुठलं घेऊ?" हा प्रश्न मला सारखा कोणी ना कोणी विचारतं. हायवेला गाळा बघून ठेवलेला असतो, मुद्रा कर्जाची फाइल बँकेत गेलेली असते, मशीनवाल्याचं कोटेशन खिशात असतं. मी त्यांना उलट विचारतो, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आलं आणि म्हणालं, "काल बॅलन्सिंग केलं, पण गाडी अजून थरथरतेय," तर तुम्ही काय कराल? उत्तर ठरलेलं असतं. "परत मशीनवर लावू." बरं, लावलं. मशीनने शून्य दाखवलं. आता पुढे काय?

हे पुढचं ज्याला येतं, त्याच्याकडे लोक वीस किलोमीटर लांबून येतात. मी स्वतः त्यातला एक आहे, म्हणून सांगतो.

मागे मी गाडीला चार नवे टायर टाकले. दुकान चकाचक, मशीन नवं, बसायला एसी. चारही चाकांवर शून्य दाखवलं, मी खूश. दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुंबईला निघालो. एक्स्प्रेस वेवर काटा 85 च्या पुढे गेला आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. 70 वर आणलं की शांत. परत दुकानात गेलो, पुन्हा बॅलन्सिंग, पुन्हा शून्य. मग म्हणाले अलाइनमेंट करा. तेही केलं, पैसे दिले, थरथर तशीच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ऐकायला मिळालं, "साहेब, रस्ताच खराब आहे." एक्स्प्रेस वे!

शेवटी एका मित्राने पत्र्याच्या शेडमधल्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या. कुठल्या स्पीडला थरथरते? स्टेअरिंग हलतं की सीट हलते? ब्रेक दाबल्यावर वाढतं का? मग पुढचं डावं चाक उतरवलं आणि मला बोटाने दाखवलं. टायरची कड रिमवर एका बाजूला नीट बसलेलीच नव्हती, आणि हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा तसाच होता. हवा काढली, साबणाचं पाणी लावलं, टायर पुन्हा बसवला, हब घासला, मग बॅलन्सिंग केलं. पाऊण तास. त्या दिवसापासून आमच्या ओळखीतल्या सगळ्या गाड्या तिकडेच जातात. त्या चकाचक दुकानात मशीन वाईट नव्हतं. मशीनवर ठेवलेलं चाक चुकीचं बसवलेलं होतं.

आता एक हिशेब बघा, म्हणजे हे किती नाजूक काम आहे ते कळेल. साध्या छोट्या गाडीचं 14 इंची रिम घ्या. त्याच्या कडेला 30 ग्रॅम जास्त वजन आहे असं समजा. 100 च्या स्पीडला ते चाक सेकंदाला साधारण 15 फेऱ्या मारतं, आणि ते 30 ग्रॅम चाकाला जवळपास पाच किलोच्या जोराने बाहेर ओढतात. प्रत्येक फेरीत एकदा वर, एकदा खाली. स्पीड दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. म्हणूनच गिऱ्हाईक सांगतं की गावात गाडी लोण्यासारखी चालते आणि हायवेला थरथरते. त्याला खोटं पाडू नका.

त्या मिस्त्रींचे तीन प्रश्न तुमच्या दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवा. स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी पुढची चाकं बघायची, सीट आणि फ्लोअर थरथरत असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर येत असेल तर ब्रेक डिस्ककडे बघा, तिथे बॅलन्सिंगचे पैसे घेणं म्हणजे गिऱ्हाइकाला परत बोलावणं. 30-40 च्या स्पीडलाच गाडी डुलत असेल तर बहुतेक वेळा रिम वाकलेलं असतं किंवा टायरला फुगा आलेला असतो. गाडी एका बाजूला खेचत असेल तर आधी हवा तपासा, मग अलाइनमेंट. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट ही दोन वेगळी कामं आहेत, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. तुम्हाला माहीत पाहिजे, आणि तुमच्या पोराला पण.

आता टायर बसवणं. सगळा खेळ इथेच आहे, आणि दुकानात सगळ्यात जास्त घाई इथेच होते. जुना टायर काढल्यावर रिमची कड घासून साफ करायची. गंज, जुना रबर, वाळलेली माती, सगळं. कोकणातून किंवा घाटातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला लाल चिखल वाळून बसलेला असतो. तो खरवडला नाही तर तुम्ही चिखलाचं बॅलन्सिंग करता. चार दिवसांनी चिखल गळून पडतो आणि गिऱ्हाईक परत दारात. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह नव्या टायरबरोबर नवाच टाका. नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो, बऱ्याच कंपन्या टायरची हलकी बाजू तशी दाखवतात. तो व्हॉल्व्हसमोर आणायचा. साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो आधी बघा. चार टायर उलटे बसवून पुन्हा काढण्याचा उद्योग मी डोळ्याने पाहिला आहे.

हवा भरल्यावर रिमजवळ टायरवर एक बारीक रेघ गोल फिरलेली दिसते. ती सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर हवी. एका जागी ती आत गेली असेल तर टायर बसलेला नाही. हवा सोडा, साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. कड बसवण्यासाठी हवा वाढवत नेऊ नका. टायर फुटला तर हात जातो. माझ्या गाडीची ही रेघ कोणी दोन सेकंद बघितली असती तर माझ्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या.

मग मशीन. आधी जुने वेट्स काढा (हसू नका, हे विसरणारे भरपूर आहेत). मशीनला तीन मापं द्यावी लागतात: रिमचं अंतर, व्यास आणि रुंदी. एक माप चुकलं की सांगितलेलं वजनही चुकतं आणि जागाही. चाक मधल्या भोकावर कोनने नीट मध्यावर बसलं पाहिजे. ते बसलंय की नाही हे कळायला एक सोपी चाचणी आहे, व्हिडिओत करून दाखवली आहे. शून्य आलं की चाक सैल करा, शाफ्टवर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा घट्ट करा आणि परत फिरवा. शून्यच राहिलं तर काम खरं. 15-20 ग्रॅम दाखवायला लागलं तर चाक मध्यावर नव्हतं किंवा कोन झिजलाय. मशीन विकत घेतानासुद्धा हीच चाचणी विक्रेत्यासमोर करा. त्याची बडबड आपोआप कमी होते. आणखी एक, बरीचशी मशीनं 5 ग्रॅमच्या आतला फरक लपवून शून्य दाखवतात, त्यासाठी वेगळं बटण असतं; ते कुठे आहे हे विचारून घ्या.

लोखंडी रिमला ठोकायचे वेट्स, अलॉयला चिकटवायचे. चिकटवायची जागा पुसून कोरडी करा, नाहीतर पहिल्याच वॉशिंगला पट्टी गळून पडते.

आता पैशाची गोष्ट, कारण मोह इथेच होतो. बऱ्याच दुकानांत वेट्सचे पैसे ग्रॅमवर लावतात. समजा छोट्या गाडीच्या एका चाकाला मशीन 80 ग्रॅम मागतंय. ठोकून मोकळं झालं तर बिल वाढतं. पण एवढं वजन लागतंय म्हणजे कुठेतरी गडबड आहे. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला तर पुष्कळदा आकडा निम्म्यावर येतो. नाही आला तर रिम फिरवून बघा, वाकलेलं असेल. टायरमध्ये पंक्चरचं लिक्विड टाकलेलं असेल तर ते साफ केल्याशिवाय बॅलन्सिंगला हातच लावू नका, ते आत हलत राहतं.

यात तुमचे पाच-दहा मिनिटं जातात आणि वेट्सचे पैसेही कमी येतात, मान्य. पण दुसरी बाजू मांडा. चार चाकांचे तुम्हाला 400 रुपये मिळतात आणि 40 मिनिटं लागतात असं धरा. ती गाडी परत आली तर त्याच 400 रुपयांत 80 मिनिटं गेली, आणि मागे उभं असलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. आठवड्याला अशा तीन गाड्या आल्या की हप्त्याच्या वेळी कळतं. शिवाय परत न येणारा तर जास्त महाग पडतो, तो चार जणांना सांगतो.

चाक परत लावताना हबचं तोंड तारेच्या ब्रशने घासा. नट आधी हाताने बसवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. थेट गन लावून एकेक नट पिळला तर चाक तिरकं बसतं आणि सगळी मेहनत पाण्यात. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे. 50-100 किलोमीटर चालल्यावर नट तपासायला या, फुकट तपासतो, असं सांगा. ते गिऱ्हाईक पुन्हा तुमच्या दारात येतं, आणि या वेळी तक्रार घेऊन नाही.

थरथरीची तक्रार असेल तर गाडी देण्याआधी चक्कर मारा, गिऱ्हाइकाला शेजारी बसवून, ज्या स्पीडला त्रास होता त्याच स्पीडला, रस्त्याची मर्यादा पाळून. चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं. आणि एक वही ठेवा: गाडीचा नंबर, तक्रार, काय सापडलं, किती ग्रॅम लागलं. सहा महिन्यांत ती वही तुम्हाला मशीनच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवेल.

कर्जाची फाइल पुढे सरकवण्याआधी एखाद्या चालत्या टायर दुकानात तीन महिने काम करा, पगार कमी मिळाला तरी चालेल. ते जमत नसेल तर निदान एवढं करा: गाडी थरथरते म्हणून तीन वेगवेगळ्या दुकानांत जा आणि गप्प उभं राहून बघा. कोण आधी प्रश्न विचारतो, कोण हब घासतो, कोण ती रेघ बघतो, लिहून काढा. पुढच्या भागात टायर चेंजर आणि कॉम्प्रेसर घेताना काय बघायचं ते बोलू, तोवर तुमची ती यादी तयार ठेवा.